कर्करोग संशोधनाचा सभासदपट आणि अहेरीचे स्थान

कोणत्याही विद्याशाखेची व्यावसायिक संस्था म्हणजे त्या शाखेतील जाणकारांनी आपण होऊन उभारलेली पंचायत. ही पंचायत परिषदा भरविते, नियतकालिके चालविते, शिष्यवृत्त्या देते, संशोधनाचे अग्रक्रम सुचविते आणि शासनाला सल्लाही देते. पूर्ण सभासदत्वासाठी सर्वसाधारणपणे प्रकाशित संशोधनाचा आधार, विद्यमान सभासदाची शिफारस आणि वार्षिक वर्गणी लागते. या तीन अटी पार करणारे लोक कोण आहेत, कोणत्या समाजातून आणि कोणत्या प्रदेशातून आले आहेत, यावर त्या शाखेचे पुढचे प्रश्न ठरतात. कर्करोगाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. हा रोग खाणे, व्यसन, पेहराव, व्यवसाय आणि आनुवंशिकता यांच्याशी जोडलेला असल्याने ज्या समाजाचे जीवन संशोधकाला ठाऊक नाही, त्या समाजाचा कर्करोगही त्याच्या नजरेआड राहू शकतो.

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी हे या प्रश्नाची कसोटी पाहणारे ठिकाण आहे. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निघालेल्या प्राणहितेच्या काठचा हा तालुका एकेकाळी गोंड जमीनदारीचे केंद्र होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा व मुलचेरा हा त्याचा दक्षिण भाग ठरला. माडिया, गोंडी, तेलुगू, मराठी, बंगाली अशा भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ आहे. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे, तर संपूर्ण राज्यात ते सुमारे ९.४ टक्के आहे. महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी माडिया गोंड ही जमात प्रामुख्याने याच भागात राहते. इतर दोन म्हणजे कातकरी आणि कोलाम. नागपूर येथून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मुंबई तर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

अकरा जणांपासून सुरुवात

जगातील सर्वांत जुनी मोठी कर्करोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च ७ मे १९०७ रोजी वॉशिंग्टन येथे स्थापन झाली. संस्थापक अकरा होते : चार शल्यचिकित्सक, पाच विकृतिशास्त्रज्ञ आणि दोन जीवरसायनशास्त्रज्ञ. हे सर्व पुरुष होते. थेल्मा डन या पहिल्या महिला अध्यक्षांची निवड व्हायला १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. आज या संस्थेचे पन्नास हजारांहून अधिक सभासद शंभराहून जास्त देशांत पसरले आहेत. अल्प उत्पन्नाच्या देशांतील सभासदांना वर्गणीत सवलत मिळते. महिला संशोधक आणि अल्पसंख्य समाजांतील संशोधक यांच्यासाठी संस्थेने स्वतंत्र मंडळेही स्थापन केली आहेत.

अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी ही रुग्णोपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांची संस्था १९६४ साली सात जणांनी स्थापन केली. त्यांपैकी डॉ. जेन राइट या एकमेव महिला आणि एकमेव कृष्णवर्णीय होत्या. त्यांचे वडील डॉ. लुई राइट यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात कर्करोग संशोधन केंद्र उभारले होते. ही सुरुवात आश्वासक असली तरी पुढची वाटचाल संथच राहिली. २०१७ साली याच संस्थेने मनुष्यबळातील वैविध्य वाढविण्याची योजना प्रसिद्ध केली. तेव्हा देशातील कर्करोगतज्ज्ञांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण अवघे २.३ टक्के आणि हिस्पॅनिकांचे ५.८ टक्के असल्याचे तिने नमूद केले. अमेरिकेच्या लोकसंख्येत हे समूह अनुक्रमे सुमारे १३ आणि १८ टक्के आहेत. सभासदांनी स्वतःविषयी दिलेल्या माहितीमुळेच अशी तफावत आकड्यांत मांडता येते. २०२५च्या आरंभी अमेरिकेच्या संघराज्य शासनाने अशा उपक्रमांचे पाठबळ काढून घेणारे आदेश काढले. दशकांच्या प्रयत्नांनी मिळालेले स्थान शासकीय धोरण बदलताच डळमळू शकते, हे त्यावरून दिसून आले.

मुंबईची परंपरा

भारतातील कर्करोग संशोधनाचे माहेरघर मुंबई. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली, तर १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर आकाराला आले. या संशोधन केंद्राचे पहिले संचालक विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे होते.

खानोलकरांच्या कामातून संशोधकाच्या ओळखीचे महत्त्व नेमके लक्षात येते. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी लोकांच्या सवयींशी निगडित कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणातून त्वचेचा कर्करोग उद्भवू शकतो, हे त्यात मांडले होते. धोतर नेसणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला ही शंका सहज येते. परदेशी पाठ्यपुस्तकात मात्र तिला जागा असण्याचे कारण नव्हते.

याच संस्थेत डॉ. कमल रणदिवे यांचे कार्य घडले. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या आणि हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळविली. त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. परतल्यावर त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगावरील त्यांच्या संशोधनाची जगभर दखल घेतली गेली आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

जॉर्ज गे यांची ही प्रयोगशाळा आणखी एका कारणाने इतिहासात नोंदली गेली आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी तेथेच वाढविण्यात आल्या. त्यासाठी तिची संमती घेण्यात आली नव्हती. 'हेला' या नावाने या पेशी आजही जगातील असंख्य प्रयोगशाळांत वापरल्या जातात. ज्यांच्या शरीरातून ज्ञान मिळते ते समाज आणि ज्यांच्या नावावर ते ज्ञान जमा होते ते समाज यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

१९७३ साली रणदिवे यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशी येथे या संघटनेने नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालविले. विज्ञानात स्त्रियांनी टिकावे यासाठी भाषणांइतकीच राहण्याची जागा आणि मुलांची सोय आवश्यक असते, हे संघटनेने ओळखले होते. निवृत्तीनंतर रणदिवे यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ साली देशात प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत महिलांचे प्रमाण १६.६ टक्के होते.

आरक्षणाची शिडी कोठे संपते

अमेरिकेत वैविध्याचा प्रश्न बहुतांशी ऐच्छिक योजनांवर सोपविला गेला. भारतात त्याला घटनात्मक आधार आहे. वैद्यकीय प्रवेशात अनुसूचित जमातींसाठी केंद्रीय कोट्यात साडेसात टक्के आणि महाराष्ट्राच्या कोट्यात सात टक्के जागा राखीव असतात. कर्करोगशास्त्राकडे जाणाऱ्या वाटेवर मात्र ही शिडी मध्येच संपते.

वैद्यकीय पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात आणि पदव्युत्तर पदवीला तीन वर्षे. येथपर्यंत आरक्षण लागू आहे. किरणोपचारतज्ज्ञ या टप्प्यावर तयार होतो. औषधोपचार करणारा कर्करोगतज्ज्ञ किंवा कर्करोग शल्यचिकित्सक होण्यासाठी मात्र पुढे आणखी तीन वर्षांचा अतिविशेष अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली डॉ. प्रीती श्रीवास्तव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात, अतिविशेष पातळीवर आरक्षणाला वाव नाही असे मत दिले. रुग्णाच्या हिताचा आणि सर्वोच्च कौशल्याचा मुद्दा त्यामागे होता. याचा व्यवहारातील अर्थ असा की, साडेअकरा वर्षांच्या प्रवासातील शेवटच्या आणि निर्णायक टप्प्यावर दुर्गम भागातून आलेल्या विद्यार्थ्याला कोणताही आधार उरत नाही.

दुसरी मर्यादा केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेश-आरक्षणाच्या २००६च्या कायद्यात आहे. या कायद्याच्या परिशिष्टात काही संशोधन संस्थांना सक्तीतून वगळण्यात आले आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था यांचा त्यात समावेश असून टाटा मेमोरियल केंद्र त्या घटक संस्थांपैकी एक आहे. या वगळण्याने संस्थेला स्वतःहून जागा राखून ठेवण्यास मनाई होत नाही. तथापि कायद्याने बंधनकारक असलेली तरतूद आणि संस्थेच्या इच्छेवर सोपविलेली तरतूद यांच्या बळात फरक असतोच.

तिसरी मर्यादा आरक्षणाच्या अंतर्गत आहे. अनुसूचित जमाती हा महाराष्ट्रात एकच प्रवर्ग असला तरी त्यातील जमातींची शैक्षणिक स्थिती सारखी नाही. शहरात शिकलेला, पालक शासकीय नोकरीत असलेला विद्यार्थी आणि घरी माडिया बोलून पहिलीत प्रथमच मराठी ऐकणारा विद्यार्थी एकाच गुणवत्ता यादीत स्पर्धा करतात.

निघालेल्या वाटा

असे असूनही वाटा निघाल्या आहेत. १९७३ साली भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ साली त्याची आश्रमशाळा उभी राहिली. याच शाळेत शिकलेले डॉ. कन्ना मडावी हे माडिया समाजातील पहिले डॉक्टर म्हणून ओळखले जातात. माडिया बोलणारा डॉक्टर समोर असला की रुग्णाला दुभाष्याची गरज राहत नाही. स्तनातील गाठ किंवा अंगावरून जाणारे रक्त यांसारखी लक्षणे दुभाष्यापुढे सांगितली जातच नाहीत, हे ध्यानात घेतले तर या गोष्टीचे मोल कळते.

जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडी या गावचे डॉ. भास्कर हलामी यांचे उदाहरण प्रयोगशाळेतील संशोधनाचे आहे. बालपणी मोहफुलांवर दिवस काढलेल्या या आदिवासी कुटुंबातील मुलाने प्राथमिक शिक्षण एटापल्ली तालुक्यातील कसनसूरच्या आश्रमशाळेत घेतले. पुढे गडचिरोली आणि नागपूर येथे शिकून त्यांनी अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. २०२२ साली त्यांची कहाणी देशभरच्या वृत्तपत्रांतून आली. तेव्हा ते मेरीलँड राज्यातील सरनाओमिक्स या औषधनिर्मिती कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. आरएनएवर आधारित औषधे विकसित करणाऱ्या या कंपनीच्या कामाचा मोठा भाग कर्करोगाशी संबंधित आहे. कसनसूर ते मेरीलँड हा प्रवास अपवादात्मक आहे. त्याला आश्रमशाळा, शासकीय विद्यालय, शिष्यवृत्ती आणि विद्यापीठ अशा सार्वजनिक संस्थांच्या साखळीचा आधार होता. त्यातली एखादी कडी निखळली असती तर तो तेथेच थांबला असता.

ही साखळी अलीकडे काहीशी लांबली आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले, तर गडचिरोलीच्या महाविद्यालयाला २०२४-२५ या वर्षापासून १०० जागांची मान्यता मिळाली. सिकलसेलसारख्या रक्तविकारांवर काम करणारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र चंद्रपुरात असून ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. राष्ट्रीय दर्जाची प्रयोगशाळा या वनप्रदेशाच्या उंबरठ्यावर आल्याने स्थानिक विज्ञान पदवीधराला संशोधन ही जवळची गोष्ट वाटू शकते.

प्रश्न कोण विचारतो

वैविध्यामुळे विज्ञान सुधारते की केवळ न्याय होतो, हा वाद जुना आहे. गडचिरोलीतच त्याचे एक उत्तर सापडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली येथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा त्यांचा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. याआधी तशी तपासणी मात्र केवळ ८ टक्के स्त्रियांची झाली होती. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढीच तोवरची समजूत होती. एका स्त्री-डॉक्टरपाशी गावातील स्त्रिया मोकळेपणाने बोलल्या आणि ती समजूत मोडली.

याच न्यायाने आज खर्ऱ्याचा प्रश्न पाहता येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्वत्र मिळतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी ही तंबाखूविनाही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर ताजा घोटला जाणारा खर्रा पुड्यांच्या हिशोबात सहजासहजी बसत नाही. प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे राज्यातील प्रमाण २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर उतरले. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून 'मुक्तिपथ' हे व्यसनविरोधी अभियान चालू झाले. खर्रा पाहुण्याला का दिला जातो, मोहफुले वेचताना तो भूक कशी मारतो, मुले तो कोणत्या वयात सुरू करतात, हे त्याच गावात वाढलेल्या संशोधकाला मुद्दाम शिकावे लागत नाही.

सभासदपटाबाहेरचे मनुष्यबळ

कर्करोगाविरुद्धच्या कामात सर्वांत मोठे मनुष्यबळ व्यावसायिक संस्थांच्या सभासदपटावर मुळातच नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ साली सुरू केलेल्या चाचणीत सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची पाहणी करणे हे त्यांचे काम होते. बारा वर्षांनंतर या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०१३ साली अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या अधिवेशनात हे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून सिद्ध झाले. या दोन्ही अभ्यासांचा पाया गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी रचला.

गडचिरोलीला हे नवे नाही. ३९ गावांतील आरोग्यदूतांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटविल्याचा सर्चचा अभ्यास १९९९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील प्रत्येकाची प्राथमिक माहिती भरून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीसाठी त्यांना पाठविण्याचे काम आता आशा कार्यकर्ती करते. अहेरीच्या पाड्यांवर कर्करोगाची पहिली शंका घेणारी व्यक्ती तीच असते. तथापि संशोधनाच्या लेखात तिचे नाव लेखकांत नसते, परिषदेचे निमंत्रण तिला येत नाही आणि तिच्या निरीक्षणांना सभासदत्वाचा दर्जा नाही.

मोजणीतून वगळलेले जिल्हे

मनुष्यबळातील उणीव अखेर माहितीतील उणीव बनते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालात देशातील २८ लोकाधारित नोंदण्यांची आकडेवारी आहे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, बार्शी ग्रामीण, उस्मानाबाद-बीड आणि वर्धा यांचा त्यात समावेश आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर त्यात नाहीत. १९८७ साली सुरू झालेली बार्शीची नोंदणी ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होती. स्थानिक माणसांच्या बळावर खेड्यांतील रोगाचीही नेटकी मोजदाद होऊ शकते, हे तिने दाखविले आहे. जनुकीय संशोधनातही असेच आहे. जगातील बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार भारतीयांचा समावेश असलेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ही पोकळी अंशतः भरली असून त्यात आदिवासी समूहही आहेत. नमुने देणाऱ्या समाजांतून नमुने अभ्यासणारे कधी निर्माण होणार, हा प्रश्न मात्र हेन्रिएटा लॅक्स यांच्या काळाइतकाच ताजा आहे.

उपाय फार अनोळखी नाहीत. सभासदत्वाच्या अर्जात लिंगासोबत जिल्हा, मातृभाषा आणि सामाजिक प्रवर्ग ऐच्छिकपणे विचारणे, दुर्गम भागातील विद्यार्थ्यांना वर्गणी माफ करून परिषदेचा प्रवासखर्च देणे, गोंडवाना विद्यापीठातील पदवीधरांना मुंबई-नागपूरच्या प्रयोगशाळांत उन्हाळी उमेदवारी देणे, आशा आणि परिचारिकांसाठी सहयोगी सभासदत्व खुले करणे, ही पावले कोणत्याही न्यायनिवाड्याची वाट न पाहता टाकता येतात. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमध्ये आता तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. संस्थांना एकत्र आणणारी ही चौकट माणसांनाही सामावून घेऊ शकते.

अहेरीच्या रुग्णाला नागपूर गाठेपर्यंत गाठ वाढलेली असते. रुग्णालय जवळ आणणे हा त्यावरचा एक उपाय झाला. त्या गाठीचा विचार करणारी माणसे अहेरीतून घडविणे हा दुसरा उपाय आहे. पहिला निधी मिळताच सुरू होऊ शकतो; दुसऱ्याला साडेअकरा वर्षे लागतात, आणि त्यांची मोजणी आश्रमशाळेच्या पहिल्या वर्गानंतर बारा वर्षांनी सुरू होते.